मशेरी, टाटा आणि आईचे प्रश्न

माण तालुक्यातल्या आमच्या गावात मशेरी विकत आणणाऱ्या बाईला आळशी म्हणतात. तंबाखूची पानं तव्यावर काळी पडेपर्यंत भाजायची, हाताने चुरायची, फडक्यातून चाळायची आणि डबीत भरायची, हे घरचं काम. आई ते तिच्या सासूकडून शिकली. सकाळी दात घासायला म्हणून एकदा, दुपारी रानात भूक मारायला एकदा, रात्री भांडी झाल्यावर एकदा. आणि शेवटची चिमूट डाव्या गालाच्या आत तशीच धरून झोपायची. पुढे डॉक्टरांनी “मावशी, तंबाखू खाता का?” असं विचारलं तेव्हा तिने ठामपणे “छे, कधीच न्हाय” सांगितलं. ती खोटं बोलत नव्हती. तंबाखू बापे खातात, बायका मशेरी लावतात, असा तिचा साधा हिशेब. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ साली बंदी आली, तंबाखूच्या पुडीवर सडलेल्या तोंडाचं चित्र आलं. घरी भाजलेल्या मशेरीच्या डबीवर कोण काय छापणार?

तिच्या डाव्या गालात, खालच्या हिरडीला लागून, एक पांढरा चट्टा पुष्कळ दिवसांपासून होता. दुखत नव्हता म्हणून कुणी त्याकडे पाहिलं नाही. मग तिखट झोंबायला लागलं, मग तिथे जखम झाली. तालुक्याच्या एका डॉक्टरने लावायला जेल आणि बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या दिल्या. गोळ्या संपल्या की पुन्हा त्याच. असे काही महिने गेले. तोंडातली जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नाही तर तिचा तुकडा तपासायचा असतो, ही एवढीशी गोष्ट. पण ती सांगणारा माणूस आम्हाला भेटला तो कराडला, दातांच्या दवाखान्यात. त्याने टॉर्च लावून गालात पाहिलं, बोट आत घालून जखमेची कड दाबली आणि तो गप्प झाला. कड टणक होती.

बायोप्सीला, म्हणजे जखमेचा तुकडा काढून तपासायला, चुलतमामांचा विरोध. “सुरी लागली की पसरतो. आमच्या शेजारच्याचं तसंच झालं.” हे वाक्य नंतर मी इतक्या लोकांच्या तोंडून ऐकलं, की त्याचं उत्तर मला पाठ झालं आहे. तोंडातल्या जखमेचा तुकडा काढल्याने कर्करोग पसरत नाही. लोकांना तसं दिसतं, कारण माणूस सुरीपर्यंत पोचतो तेव्हाच उशीर झालेला असतो, आणि कित्येक जण तुकडा काढल्यावर घाबरून महिनोन्महिने पुढे जातच नाहीत. तुकडा तपासल्याशिवाय हा रोग आहे की नाही, असला तर कुठल्या जातीचा, हे कुणालाच सांगता येत नाही आणि उपचार तर त्यावरच ठरतो.

मी पतसंस्थेत कागद तपासायचं काम करते. त्यामुळे रिपोर्ट आला तो मी तारणाचे कागद वाचावेत तसा ओळीओळीने वाचला. ‘मॉडरेटली डिफरन्शिएटेड स्क्वॅमस सेल कार्सिनोमा’. दंतवैद्यांनी समजावलं: तोंडाच्या अस्तरातल्या चपट्या पेशींपासून झालेला कर्करोग, आणि या पेशी मूळ पेशींपासून मध्यम प्रमाणात बदलल्या आहेत, अगदी ओळखू येणार नाहीत इतक्या नाही. दादाने फक्त शेवटचा शब्द ऐकला. बाहेर येऊन तो एवढंच म्हणाला, “आईला सांगायचं नाही.”

मी हो म्हटलं. आमच्याकडे असंच करतात. ‘गाठ आहे’, ‘अल्सर आहे’, ‘जरा मोठ्या दवाखान्यात दाखवू’. पण मुंबईच्या गाडीत बसल्यावर दहिवडी मागे पडायच्या आधीच आईने विचारलं, “टाटात चाललोय न्हवं?” मी काही बोलले नाही. ती म्हणाली, “टाटात कशापायी नेत्यात ते साऱ्या गावाला ठावं हाय. तुमी दोघं मला येडी समजताय व्हय? जे हाय ते सांगत जा. निस्तं माझ्या अंगावर करू नका, मला सांगून करा.”

दादा खिडकीबाहेर बघत राहिला. पुढच्या सगळ्या महिन्यांत आमचा उपचार याच एका अटीवर चालला. काहीही करण्याआधी ते का, हे आईला कळलं पाहिजे. आणि तिला सांगायचं म्हणजे आधी मला कळायला हवं.

परळच्या टाटा कर्करोग रुग्णालयात पहिले काही दिवस नुसते कागदांचे असतात, हे नव्याने जाणाऱ्याने मनाशी धरूनच जावं. फाइल काढायची. बाहेरचा रिपोर्ट तिथे तसाच्या तसा धरत नाहीत. काचेच्या स्लाइड आणि ज्यात तो तुकडा मेणात बसवलेला असतो तो ब्लॉक, दोन्ही मागतात आणि त्यांचे तज्ज्ञ पुन्हा पाहतात. आमचा ब्लॉक कराडच्या लॅबमध्येच राहिला होता, तो आणायला दादा उलट गेला. महात्मा फुले जन आरोग्य योजनेसाठी रेशनकार्ड आणि आधार घेऊन, योजनेचं काम पाहणाऱ्या आरोग्यमित्राकडे बसायचं. मग सीटी स्कॅन, छातीचा फोटो, रक्त, दातांचा विभाग. दादाला कुणीतरी सांगितलं होतं की ‘पेट’, म्हणजे सगळ्या अंगात रोग शोधणारा स्कॅन, केल्याशिवाय काही कळत नाही. डॉक्टर म्हणाले, या जागी आणि या टप्प्यावर सीटी पुरे. पेटने यांच्या उपचारात फरक पडणार नाही. महागडी तपासणी नको म्हणणारा डॉक्टर पाहून दादाला आधी संशय आला, मग विश्वास बसला.

ताटकळत बसायला वेळ भरपूर. मी आईला या दवाखान्याची गोष्ट सांगितली. सर दोराबजी टाटांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ साली ल्युकेमियाने, रक्ताच्या कर्करोगाने, गेल्या. परदेशात उपचार होऊनही वाचल्या नाहीत. तसे उपचार इथेच मिळावेत म्हणून दोराबजींनी इस्पितळाचा विचार धरला. ते पुढच्याच वर्षी गेले, पण ट्रस्टने काम नेलं आणि २८ फेब्रुवारी १९४१ ला हे रुग्णालय उघडलं. १९६२ पासून ते अणुऊर्जा विभागाकडे आहे, कारण किरणांनी उपचार करायचे तर ते ज्ञान त्यांच्याकडे. आईने सगळं ऐकून एकच विचारलं, “येवढ्या श्रीमंत बाईला बी झाला? ती तर मशेरी लावत नसंल.”

आणि तिथून तिचा खरा प्रश्न आला. तो तिने मला न विचारता आत ओपीडीत थेट डॉक्टरांना विचारला. “माझ्या सासूनं मरंस्तोवर मशेरी लावली. नव्वदीला गेली, म्हातारपणानं गेली. मग मलाच कसा झाला?”

समोर विदर्भातली एक तरुण रेसिडेंट डॉक्टर होती. बाहेर रांग होती, तरी तिने पेन खाली ठेवलं. तिने जे सांगितलं ते मी माझ्या शब्दांत मांडते. गालाच्या आतलं अस्तर सतत झिजतं आणि नवं येत राहतं. नवी पेशी तयार होताना जुन्या पेशीतल्या सूचनांची, म्हणजे डीएनएची, नक्कल केली जाते. तंबाखूत नायट्रोसामाइन नावाची द्रव्यं असतात; ती शरीरात बदलून डीएनएला चिकटतात आणि नक्कल चुकते. तंबाखू भाजली की जळण्यातून तयार होणारी आणखी घातक द्रव्यं त्यात पडतात, म्हणजे मशेरी ही तंबाखूपेक्षा सौम्य मुळीच नाही. चुका दुरुस्त करायची सोय पेशीत असते. दुरुस्त होण्यासारखी नसेल तर ती पेशी स्वतःच मरावी अशीही सोय असते, आणि त्यावर देखरेख करणाऱ्या जनुकांपैकी एकाचं नाव पी-५३. त्या जनुकातच चूक झाली की बिघडलेली पेशी मरत नाही, वाढत राहते, तिच्या पोटी तशाच पेशी येतात, त्यांत आणखी चुका जमतात. एका चुकीने कर्करोग होत नाही. बऱ्याच चुका एकाच पेशीच्या वंशात जमाव्या लागतात आणि त्याला वर्षं लागतात. मशेरी लावणाऱ्या प्रत्येकीच्या तोंडात त्या जमतीलच असं नाही. पण जी रोज लावते तिच्या बाबतीत ती शक्यता कितीतरी पटीने वाढते. मेहेरबाईंच्या बाबतीत रक्त तयार करणाऱ्या पेशींत तशा चुका झाल्या असणार. त्या कशाने झाल्या हे पुष्कळदा सांगताच येत नाही. नक्कल होताना काही चुका नुसत्या घडतातही.

“म्हंजी सासूबाईंचं नशीब आन् माझं कर्म,” आई म्हणाली.

“नशीब म्हणा हवं तर. पण कर्म नाही, मावशी. मशेरी.”

आई हसली. निदान झाल्यापासून पहिल्यांदा.

तेव्हाच दादाने आपली भीती काढली: हे आमच्यात येतं का? सगळ्या कर्करोगांपैकी साधारण पाच ते दहा टक्केच थेट वारशाने आलेल्या जनुकदोषामुळे होतात, आणि आईची केस तशी दिसत नव्हती. लागण होते का, हा प्रश्न दादाने विचारला नाही, पण गावाहून भेटायला आलेल्या एका आत्याने आईचं फुलपात्र वेगळं ठेवलं होतं. कर्करोग एकाकडून दुसऱ्याला लागत नाही. काही विषाणू लागतात आणि त्यांपैकी काहींमुळे पुढे कर्करोग होऊ शकतो, ती वेगळी गोष्ट. पण एका ताटात जेवल्याने, उष्टं पाणी प्याल्याने हा रोग येत नाही. मी त्याच दिवशी त्या फुलपात्रातून आत्यासमोर पाणी प्याले. आत्या आजही माझ्यावर थोड्या नाराज आहेत, असू देत.

सगळे रिपोर्ट जमल्यावर जॉइंट क्लिनिक झालं. तिथे शस्त्रक्रियेचे, किरणोपचाराचे आणि औषधोपचाराचे डॉक्टर एकत्र बसून ठरवतात. निर्णय असा: आधी शस्त्रक्रिया. डाव्या गालाचं अस्तर, त्या बाजूचे खालचे दात, जबड्याच्या हाडाची वरची कड, आणि मानेतल्या डाव्या बाजूच्या लसीका ग्रंथी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या बारीक ग्रंथी.

मानेवर आई अडली. “मानंत काय बी न्हाय म्हणालासा न्हवं? हाताला लागत न्हाय, फोटोत न्हाय. मग मान कशाला कापायची?”

मलाही तोच प्रश्न पडला होता, विचारायचं धाडस तिने केलं. त्याचं उत्तर मला या सगळ्या प्रवासात ऐकलेलं सर्वांत पटणारं उत्तर वाटतं. तोंडाचा कर्करोग पसरतो तो आधी मानेतल्या लसीका ग्रंथींत. हाताला किंवा स्कॅनला लागण्याइतकी गाठ व्हायच्या आधीच काही पेशी तिथे पोचलेल्या असू शकतात. मग मान आधीच साफ करावी, की गाठ दिसेपर्यंत थांबावं? यावर जगभर वाद होता. दोन्ही बाजूंना चांगले डॉक्टर होते, कारण मानेची शस्त्रक्रिया करून खांदा दुखता करायचा आणि आत काहीच निघालं नाही तर? याचा निकाल याच दवाखान्यात लागला. डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरुवातीच्या टप्प्यातल्या तोंडाच्या कर्करोगाच्या रुग्णांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. एका गटाची मान पहिल्याच शस्त्रक्रियेत साफ केली, दुसऱ्याची गाठ आली तरच. ५०० रुग्णांचे निकाल २०१५ साली प्रसिद्ध झाले. तीन वर्षांनी पहिल्या गटात ८० टक्के रुग्ण जिवंत होते, दुसऱ्यात साडेसदुसष्ट. वाद मिटला.

मी हे आईला आकड्यांसकट सांगितलं. ती म्हणाली, “म्हंजी आठामागं एक जीव.” शंभराचा हिशेब ती असा मोडून सांगते. मग थोडा वेळ गप्प बसून म्हणाली, “हरळीगत हाय हे. वर दिसती तेवढी उपटून भागत न्हाय. काशा लांबवर गेल्यात का बघून भोवतीची माती बी काढावी लागती.” सर्जननी जखमेभोवती सेंटिमीटरभर निरोगी भागही काढणार असं सांगितलं, तेव्हा ते का हे मला वेगळं सांगावं लागलं नाही.

गालातून काढलेली जागा भरायला डाव्या मनगटाजवळची कातडी तिच्या रक्तवाहिन्यांसकट काढून तोंडात बसवायची आणि मानेतल्या रक्तवाहिन्यांना सूक्ष्मदर्शकाखाली जोडायची, असं ठरलं. “उजवा हात न्हाय न्हवं?” आईने खात्री करून घेतली. विळा उजव्या हातात धरतात.

शस्त्रक्रियेला सगळा दिवस गेला. नंतर तिचा चेहरा ओळखू येत नव्हता, गळ्याला श्वासाची नळी, नाकात जेवणाची नळी. गळ्यात नळी असेपर्यंत बोलता येत नाही, हे तिला आधी सांगून ठेवलं होतं आणि खुणा ठरवल्या होत्या: पाणी, दुखतंय, डोकं वर कर, दादाला बोलाव. पहिल्या दोन रात्री नर्स तासातासाने येऊन तोंडातल्या नव्या कातडीचा रंग बघत. काळपट पडली तर शीर बंद पडली आणि फिकी पडली तर रक्त पोचत नाही, म्हणजे पुन्हा थिएटर. आमच्या वाट्याला ते आलं नाही.

नाकातल्या नळीतून भरवणं हे काम मला नर्सने शिकवलं. नळी जागेवर आहे का पाहायचं, रुग्णाला बसतं करायचं, साधारण दोन-दोन तासांनी वाटीभर द्यायचं, सिरिंजने ढकलायचं नाही, आपोआप उतरू द्यायचं, शेवटी साधं पाणी. सगळं गाळून. दूध, नाचणीची पातळ पेज, डाळीचं पाणी, अंडं फेटून. माळकरी आई अंडं खात नव्हती. “नाकातनं गेलं तर खाल्लं म्हणत न्हाईत,” असा निवाडा तिने नळी निघाल्यावर बोलून दाखवला. तोवर मी तिला न विचारता अंडं दिलेलं नव्हतं, खुणेने मान हलवून घेतली होती.

मग काढलेल्या भागाचा रिपोर्ट आला. आकार अडीच सेंटिमीटर, खोली आठ मिलिमीटर, सगळ्या कडा स्वच्छ. आणि मानेतल्या ग्रंथींपैकी एकीत रोग. हाताला न लागणाऱ्या, फोटोत न दिसलेल्या मानेत. त्यामुळे स्टेज तिसरी झाली. दादा कोलमडला, कारण चौथी शेवटची हे त्याला माहीत होतं. डॉक्टरांनी त्याला बसवून सांगितलं की स्टेज म्हणजे उरलेला वेळ मोजायची पट्टी नव्हे. जखम केवढी आणि किती खोल, ग्रंथीत गेली का, दूरच्या अवयवात गेली का, यावरून तो आकडा ठरतो आणि पुढे काय करायचं ते त्यावरून ठरतं. एका ग्रंथीत आहे, म्हणून किरणोपचार लागणार. तो ग्रंथीचं कवच फोडून बाहेर आलेला नाही आणि कडा स्वच्छ आहेत, म्हणून सोबत केमोथेरपीची गरज नाही.

केमो नाही म्हटल्यावर दादाला वाटलं उपचार अर्धवट राहिला. तसं आमच्या धर्मशाळेत आणखी कुणाकुणाला वाटे. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत आम्ही राहायचो. तिथे संध्याकाळी वऱ्हांड्यात बसलं की हा एक रोग नाही, हे आपोआप समजायचं. रक्ताचा कर्करोग झालेला एक मुलगा होता. त्याला शस्त्रक्रिया नाही, नुसती औषधं, कारण रोग रक्तात आणि हाडांच्या मगजात, कापणार काय? स्तनाचा कर्करोग असलेल्या दोघी होत्या; एकीला शस्त्रक्रियेआधी केमो, दुसरीला नंतर रोज एक गोळी आणि ती वर्षानुवर्षं, कारण तिची गाठ संप्रेरकांवर वाढणारी होती. दोघींचा रोग एकाच जागेचा, तरी त्या एकमेकींच्या फाइली बघून काळजी करत.

आणि धाराशिवकडची एक मावशी होती, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची. तिचं दुःख मला फार लागलं. तिच्याच जिल्ह्यात, तेव्हाच्या उस्मानाबादमध्ये, १९९९ पासून तीस ते एकोणसाठ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून जास्त स्त्रियांना घेऊन मोठा अभ्यास झाला होता. बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालय त्यात होतं. हा कर्करोग मानवी पॅपिलोमा विषाणूमुळे होतो. त्या विषाणूची एकदाच तपासणी करून, ज्यांच्यात आढळला त्यांच्यावर वेळेत इलाज केला, तर पुढच्या आठेक वर्षांत या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर येतात, हे २००९ साली जगाला त्या गावांमधून कळलं. मावशी पांढरं आणि रक्त जातंय हे दोन वर्षं कुणाला बोलली नव्हती. आईने तिला विचारलं, “लाजलीस व्हय?” ती म्हणाली, “सांगायचं कुणाला?”

रेडिएशनला तिथे सगळे ‘शेक’ किंवा ‘लाइट’ म्हणतात. आईला ६० ग्रे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचं माप) द्यायचे ठरले, ३० भागांत, आठवड्यातले पाच दिवस, सहा आठवडे. सगळं एकदम का देत नाहीत? किरण पेशींचा डीएनए तोडतात, निरोगी पेशींचाही. निरोगी पेशी तो बऱ्यापैकी सांधू शकतात, बिघडलेल्यांना ते नीट जमत नाही. म्हणून थोडं थोडं द्यायचं आणि मध्ये सांधायला वेळ ठेवायचा. आणि म्हणूनच आपल्या मनाने मध्येच खाडे करायचे नाहीत, कारण उशिराचा फायदा रोगाच्या पेशींनाही मिळतो. सुरू करण्याआधी किडलेले उरलेसुरले दात काढले. किरण लागलेल्या जबड्यातला दात पुढे उपटला तर हाड भरून येत नाही, सडू शकतं.

डोकं हलू नये म्हणून मुखवटा करतात. जाळीदार प्लास्टिक गरम पाण्यात मऊ करून चेहऱ्यावर ताणून बसवायचं. गार झालं की ते कडक होतं, आणि रोज तेच लावून टेबलाला खिळवतात. आत काही मिनिटंच, दुखत काही नाही. पण एकटीला ठेवून जाड दार बंद होतं. आईने आत हरिपाठाचे अभंग मोजले. कितव्या अभंगाला दार उघडतं हे तिला आठवडाभरात कळलं, आणि मशीन उशिरा थांबलं तर बाहेर येऊन ती टेक्निशियनला विचारायची.

पहिले दोन आठवडे सोपे गेले. तिसऱ्यात तोंड आलं. साधं तोंड येणं नव्हे. सगळं अस्तर सोललेलं, थुंकी चिकट तारेची, गिळताना डोळ्यांतून पाणी, मानेची कातडी काळी. चव गेली. “भाकरी न्हाय, पुठ्ठा हाय,” म्हणून तिने मऊ भातही सारला. कोमट पाण्यात मीठ आणि खाण्याचा सोडा घालून दिवसातून अनेकदा गुळण्या, जेवणाआधी तोंड बधिर करणारं औषध, मानेला तेल-हळद काही नाही, सुती सैल कापड. वजन उतरलं तर मुखवटा सैल होतो आणि किरणांची जागा चुकते, हे समजल्यावर ती जिद्दीने पेज प्यायची. चव नसलेलं अन्न केवळ कारण पटलं म्हणून गिळणारी माणसं मी फार पाहिली नाहीत.

याच दिवसांत मशेरीची तलफ अनावर झाली. दुखण्यापेक्षा तेच जास्त, असं ती म्हणायची. सकाळी पोट साफ होत नाही, डोकं भणभणतं, हात डबी शोधतो. दवाखान्यातल्या समुपदेशकांनी तिला रागावून न सांगता तलफ पाच-दहा मिनिटं टिकते हे सांगितलं. तेवढा वेळ काढायचा. बडीशेप तोंडात धरणं शक्य नव्हतं, तोंड सोललेलं, ती चालायची. वऱ्हांड्याच्या या टोकापासून त्या टोकाला. पण हे सोडायचं का, तर नुसतं आताच्या जखमेसाठी नाही. डाव्या गालाला जे सोसावं लागलं तेच उजव्या गालाला, जिभेला, हिरडीलाही सोसावं लागलं आहे. तिथेही चुका जमत आलेल्या असू शकतात, आणि पहिला रोग बरा झालेल्या माणसाला तोंडात दुसरा, नवाच रोग होऊ शकतो.

गावाहून पाल्याचा काढा आला. आणणाऱ्याचा हेतू चांगला होता. डॉक्टरांना विचारलं तर त्यांनी हेटाळणी केली नाही. त्यात काय आहे हे कुणाला माहीत आहे का, एवढंच विचारलं. माहीत नव्हतं. आईनेच बाटली परत दिली. “माझ्या आत काय चाललंय ते मला आता कळतंय. ह्यातलं कळंना.”

सहा आठवडे संपले, त्यानंतरही दोन-तीन आठवडे तोंड तसंच राहिलं. चव हळूहळू आली, आधी गोड, तिखटाला फार वेळ लागला. थुंकी पूर्वीइतकी कधी आली नाही. पाण्याची बाटली तिच्या कमरेला कायमची आहे. तोंड पूर्ण उघडत नाही. आइस्क्रीमच्या काड्या एकावर एक ठेवून दातांत धरायच्या, दर थोड्या दिवसांनी एक वाढवायची, हा व्यायाम चालू आहे. नातवंडांना त्यामुळे कुल्फी मिळते. डावा खांदा वर नेताना ओढतो. थायरॉइडची रक्ततपासणी ठरावीक काळाने करावी लागते, कारण मानेला लागलेल्या किरणांनी ती ग्रंथी मंदावू शकते.

रोग परत यायचा असेल तर बहुतेक वेळा पहिल्या दोन वर्षांत येतो, म्हणून त्या काळात दर दोन-तीन महिन्यांनी तपासणी. डॉक्टर टॉर्च लावतात, बोटाने गाल आणि मान चाचपतात. दर वेळी स्कॅन नाही. दादाला अजूनही वाटतं की स्कॅन करावा.

मागच्या तपासणीला आई वहिनीला सोबत घेऊन गेली. वहिनीही मशेरी लावते, हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. तिच्या उजव्या गालात आईला टॉर्चने पांढरा चट्टा दिसला होता. “दुखत न्हाय म्हणती. मला बी दुखत नव्हता,” आई डॉक्टरांना म्हणाली. तुकडा काढला. यावेळी चुलतमामांना कुणी विचारलं नाही. रिपोर्टमध्ये कर्करोग नव्हता, पेशींत सुरुवातीचे सौम्य बदल होते. मशेरी बंद, आणि काही महिन्यांनी पुन्हा दाखवायचं.

वहिनीची मशेरी अजून पूर्ण सुटलेली नाही. सकाळची सुटली, रात्रीची सुटत नाही. आई तिला ओरडत नाही. रात्री भांडी झाली की तिला घेऊन वेशीपर्यंत चालायला जाते. पुढची तारीख दोघींनी एकाच दिवसाची घेतली आहे.